हिशेबनीस बदलतांना

गृहस्थाश्रमी माणसाच्या आयुष्यांत कांहीं माणसें अशीं असतात कीं, तीं सहसा बदलावयाचीं नसतात असा त्याचा समज असतो. न्हावी, शिंपी, वाणी, वैद्य, वकील आणि उपाध्याय ही ती मंडळी. यांपैकीं कोणाशींही आपलें रक्ताचें नातें नसतें, आणि रोज उठून बसण्याइतका स्नेहही नसतो. तरी एकाला सोडून दुसऱ्याकडे जातांना माणूस आडवाटेनें जातो. जुन्या न्हाव्याच्या दुकानावरून नव्या न्हाव्यानें कापलेले केस मिरवीत जाण्याचें धैर्य आमच्या परिचयाच्या फार थोड्या गृहस्थांच्या अंगीं आम्हीं पाहिलें आहे. क्षेत्रोपाध्यायाच्या बाबतींत तर हा प्रश्नच उद्भवत नाहीं. त्र्यंबकेश्वरीं किंवा नाशकास गेल्यावर गांव आणि आडनांव सांगतांच ज्याच्या वहींत आपल्या पणजोबांचें नांव निघतें तो आपला उपाध्याय. त्याची निवड आपण केलेली नसते. त्याच्या वहीनें आपली निवड केलेली असते.

या यादींत अलीकडच्या काळांत आणखी एका माणसाची भर पडली आहे, आणि तो म्हणजे छोट्या धंदेवाल्याचा हिशेबनीस. १९४९ च्या कायद्याच्या भाषेंत तो सनदी लेखापाल, बाजाराच्या भाषेंत नुसता 'सीए'. वैद्याला आपली प्रकृति ठाऊक असते आणि वकिलाला आपलें भांडण. हिशेबनिसाला दोन्ही गोष्टी ठाऊक असून शिवाय त्यांचा खर्चही ठाऊक असतो. कोणत्या वर्षीं मालकानें धंद्यांतून जास्त उचल केली, ती मुलीच्या लग्नासाठीं कीं भावाच्या आजारपणासाठीं, कोणत्या सोयऱ्याला दिलेली रक्कम 'हातउसने' या सभ्य नांवाखालीं सात वर्षें पडून आहे, हें सारें त्याला न विचारतां कळतें. आपण त्याच्यापुढें आकडे ठेवतों. तो त्यांतून माणसें वाचतो.

आणि हिशेब हा विषय मराठी माणसाच्या बोलण्यांत केवढा मुरलेला आहे! आपण एखाद्याला जमेस धरतों, एखाद्याला हिशेबांतच घेत नाहीं, कोणाच्या बोलण्याला ताळमेळ नसतो, कोणी उशिरा कां होईना पण ताळ्यावर येतो, आणि भांडण विकोपास गेलें म्हणजे 'तुझें माझें खातें संपलें' असें म्हणून मोकळे होतों. परंतु खातें संपविणें ही गोष्ट बोलण्यांत जितकी सोपी, तितकी वहींत सोपी नाहीं, आणि माणसांत तर मुळींच नाहीं. आम्हांला हें चांगलें समजलें तें आमच्या घरच्या धंद्याचा हिशेबनीस बदलण्याची वेळ आली तेव्हां.

आमच्या घरचा एक लहानसा छापखाना आहे. वडिलांनीं तो उभारला आणि त्यांच्या मागें आमचे धाकटे बंधू तो चालवतात. आम्ही महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवितों. छापखान्याशीं आमचा संबंध महिन्यांतून दोन रविवार कागदपत्रें वाचण्यापुरता आणि सालअखेरीस ताळेबंदापुढें चष्मा पुसून बसण्यापुरता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकें, शाळांचीं प्रगतिपुस्तकें, अधूनमधून एखादें पुस्तक, आणि एका लहान औषध-कारखान्याचीं खोकीं व लेबलें एवढा त्याचा पसारा. १९९६ सालापासून या छापखान्याचे हिशेब एकाच गृहस्थांनीं पाहिले. वडील त्यांना नांवानें हांक मारीत, बंधू 'काका' म्हणत, आणि ते आम्हांला थोड्या थट्टेनें 'प्रोफेसर' म्हणत. अक्षर मोत्यासारखें, बोलणें मोजकें. संगणकावरील संकेतशब्दांचा जमाना आला तेव्हां पुष्कळ छोट्या धंदेवाल्यांचीं खातीं हिशेबनिसाच्या कचेरीच्या दूरध्वनीवर नोंदलीं गेलीं, आणि मालकाला आपल्याच दाराची किल्ली दुसऱ्याकडे मागण्याची पाळी आली. काकांनीं मात्र पहिल्या दिवसापासून बंधूंचाच क्रमांक नोंदविला. 'वह्या तुझ्या, तेव्हां किल्ल्याही तुझ्याच,' असें ते म्हणाले होते.

अशा माणसाला बदलण्याचें कारण काय? कारण एकच: वय. त्यांच्यानें जिने चढवेनात, डोळ्यांना पडद्यावरचीं अक्षरें दिसेनात, आणि कचेरीचा कारभार हळूहळू दुसऱ्यांच्या हातीं गेला. त्या हातांना आमचा छापखाना म्हणजे यादींतला एक क्रमांक होता. २०२३ च्या डिसेंबरचें आणि २०२४ च्या जानेवारीचें विक्रीचें विवरण वेळेवर गेलें नाहीं. दोन-तीन वेळां विचारलें तर 'करतों' हें एकच उत्तर.

वस्तु आणि सेवा कर १ जुलै २०१७ रोजीं सुरू झाला, आणि त्याची रचना अशी आहे कीं, त्यांत एकाचा उशीर दुसऱ्याच्या खिशाला भोंवतो. छापखाना आपल्या बिलांत कर लावतो, कारखानदार तो कर आपणांस देतो, आणि पुढें स्वतःचा कर भरतांना तेवढी रक्कम वजा करून घेतो. परंतु ही वजावट त्याला मिळावयाची, तर छापखान्यानें तें बिल आपल्या विवरणांत दाखविलेलें असलें पाहिजे. २०२२ सालापासून ही अट कायद्यांतच स्पष्ट घातलेली आहे. मासिक विवरण पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जावें लागतें. तें गेलें नाहीं, तर ज्यानें आपलें बिल चोख चुकविलें त्यालाच तूर्त तो कर पुन्हां पदरचा भरावा लागतो. आमच्या औषध-कारखान्याच्या मालकांवर दोन महिने हीच वेळ आली. ते भले गृहस्थ; वीस वर्षांचें गिऱ्हाईक. त्यांनीं तक्रार केली ती इतक्या संकोचानें कीं, शिव्या दिल्या असत्या तर बरें वाटलें असतें. 'तुम्हांला पैसे वेळेवर दिले. आतां तेच पुन्हां सरकारला द्यायचे, एवढी सवड आमच्यापाशीं नाहीं हो,' असें ते म्हणाले.

बंधूंना हें सारें समजत होतें. पण 'दादा, काकांना सांगायचें कसें?' या एका प्रश्नापाशीं ते थांबत. त्यांच्या थांबण्यालाही कारण होतें. २५ मार्च २०२० रोजीं देश बंद झाला, आणि त्यानंतर सहाव्या दिवशीं सालअखेर आली. लग्नें नाहींत म्हणून पत्रिका नाहींत, शाळा नाहींत म्हणून प्रगतिपुस्तकें नाहींत. छापखान्यांत पांच कामगार. त्या दिवसांत काका रोज संध्याकाळीं दूरध्वनि करीत आणि बंधूंकडून एकेक देणें वाचवून घेत: हें थांबेल, हें थांबणार नाहीं, हें बँकेला लिहून पुढें ढकलतां येईल, पगार मात्र आधीं. कर्ज न काढतां छापखाना त्या वर्षांतून बाहेर पडला याचें श्रेय जितकें बंधूंच्या चिकाटीला, तितकेंच त्या संध्याकाळच्या संभाषणांना आहे. त्या वर्षाची फी काकांनीं घेतली नाहीं. बिलच पाठविलें नाहीं.

आतां अशा माणसाला दोन विवरणांना उशीर झाला म्हणून सोडावयाचें काय? प्रश्न असा मांडला म्हणजे उत्तर एकच निघतें, आणि तें चुकीचें निघतें. प्रश्नाची मांडणीच तपासून पाहिली पाहिजे. काकांचें देणें आहे तें आमच्या घराकडून. तें आमच्या खात्यांतून फिटलें पाहिजे. काकांच्या कचेरीला कामावर ठेवून आम्ही ती कृतज्ञता दाखवीत राहिलों असतों, तर तिची किंमत भरली असती कोणीं? औषध-कारखान्याच्या मालकांनीं, ज्यांचा २०२० सालाशीं आणि आमच्या काकांशीं कांहीं संबंध नाहीं त्यांनीं. दुसऱ्याच्या खिशांतून दिलेल्या दानाला आपण दान म्हणत नाहीं. मग दुसऱ्याच्या खिशांतून फेडलेल्या उपकाराला कृतज्ञता कां म्हणावें? एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यावर टाकणें याला हिशेबाच्या धंद्यांत जें नांव आहे, तेंच नांव येथेंही लागू पडतें. आम्हीं बंधूंना इतकेंच म्हटलें. ते कांहीं वेळ गप्प बसले आणि म्हणाले, 'मग दोन्ही खातीं नीट पाहूं.'

ठरलें तें असें कीं, सालअखेरीनंतर बदल करावयाचा. हें बोलणें ऐकावयास सोपें वाटतें. पण साल अखेर होतें म्हणजे नेमकें काय होतें? पूर्वीचा व्यापारी दिवाळींत लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा करी आणि पाडव्याला नव्या वहींत पहिली रक्कम मांडी. त्याचें वर्ष दिव्यांच्या उजेडांत बदले. प्राप्तिकराच्या कायद्यानें पुष्कळ काळ त्याला ती मोकळीक दिली होती. १९८९-९० या आकारणी वर्षापासून मात्र सर्वांचें वर्ष ३१ मार्चला संपूं लागलें, आणि वर्षाचा शेवट सणावरून उठून परीक्षांच्या आणि उन्हाळ्याच्या ऐन मोसमांत येऊन बसला. परंतु वर्ष ३१ मार्चला संपलें तरी त्याचें कार्य संपत नाहीं. कापलेल्या कराचें शेवटच्या तिमाहीचें विवरण ३१ मेपर्यंत. तपासणी लागणाऱ्या धंद्याचा अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत आणि प्राप्तिकराचें विवरण ३१ ऑक्टोबरपर्यंत. वस्तु व सेवा कराच्या नोंदींतील दुरुस्ती ३० नोव्हेंबरपर्यंत. आणि ज्यांना तें लागू असेल त्यांचें वार्षिक विवरण ३१ डिसेंबरपर्यंत. सरकार कधीं या मुदती वाढवितें तो भाग निराळा. म्हणजे गेलेलें वर्ष पुढें नऊ महिने घरांत वावरत असतें. १ एप्रिलला हिशेबनीस बदलणारा माणूस एका वर्षाला नवा हिशेबनीस देतो खरा. पण मागच्या वर्षाला तो पोरकें करीत नाहीं ना, हें त्यानें पाहिलें पाहिजे.

म्हणून आम्हीं वर्षाच्या रेघेवर काम वाटलें. ३१ मार्च २०२४ पर्यंतच्या व्यवहारांची तपासणी आणि त्यांचें प्राप्तिकर-विवरण काकांनीं स्वतःच्या सहीनें पुरें करावयाचें; १ एप्रिलपासूनचीं मासिक विवरणें आणि पुढील सारें नव्या हिशेबनिसांनीं सांभाळावयाचें. ज्यांनीं तें वर्ष जवळून पाहिलें त्यांनींच त्याचा निवाडा द्यावा, यांत न्याय होता आणि सोयही होती. नव्या माणसाला मागचें वर्ष समजून घेण्यास जे महिने लागले असते, ते वांचले. आणि जुन्या माणसाला मध्येंच उठविल्याचा अपमान झाला नाहीं.

या धंद्याच्या कायद्यांत एक कलम आहे, त्याचें आम्हांला विशेष कौतुक वाटतें. १९४९ च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाप्रमाणें, जें तपासनिसाचें काम पूर्वीं दुसऱ्या सनदी लेखापालाकडे होतें, तें त्याला आधीं लेखी कळविल्यावांचून स्वीकारणें हा व्यवसायांतील गैरवर्तणुकीचा प्रकार मानला आहे. शिवाय जुन्याची वादांत नसलेली तपासणीची फी थकलेली असतां नव्यानें तें काम घेऊं नये असाही सामान्यतः दंडक आहे. त्या पत्रानें परवानगी मागावयाची नसते. मालकानें कोणाला नेमावें हा त्याचा अधिकार आहे. पत्राचा हेतु इतकाच कीं, जुन्याला कांहीं सांगावयाचें असेल तर तें सांगण्याची जागा असावी. मालकानें वह्यांत खोटें लिहावयास सांगितलें म्हणून जुन्यानें नाहीं म्हटलें असेल, तर तें नव्याला कळावें. एका धंद्यांतल्या दोन माणसांनीं गिऱ्हाइकाच्या पाठीमागें नव्हे, तर त्याच्या देखत एकमेकांशीं बोलावें, असें कायदा सांगतो. न्हाव्यांत आणि शिंप्यांत असें कलम असतें, तर आडवाटेनें जाणाऱ्यांची संख्या पुष्कळ कमी झाली असती.

तरीही तें पत्र पोहोंचण्यापूर्वीं आम्ही दोघे भाऊ काकांच्या घरीं गेलों. पत्रानें कळविण्याची गोष्ट आणि तोंडानें सांगण्याची गोष्ट या एक नव्हेत. बंधूंनीं कारखान्याच्या मालकांची हकीकत कांहीं न लपवितां सांगितली. काकांनीं तारखा विचारल्या, मनांतल्या मनांत कांहीं मोजलें आणि म्हणाले, 'हें मला कोणीं सांगितलें नाहीं.' पुढें बराच वेळ ते बोलले नाहींत. त्या शांततेंत आम्हांला चार्ल्स लॅम्ब आठवला. लंडनच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या हिशेबखात्यांत १७९२ पासून १८२५ पर्यंत तेहतीस वर्षें आंकडेमोड करून तो सेवामुक्त झाला, आणि त्याच वर्षीं त्यानें निवृत्त कारकुनावर निबंध लिहिला. इतकीं वर्षें जें जोखड वाटत होतें, तें उतरल्यावर मान कशी ठेवावी हेंच त्या कारकुनाला कळेना. हें लिहिणें त्याला साधलें, कारण तो लेखक होता; एरव्हींच्या हिशेबनिसाला आपल्या मनाचा जमाखर्च मांडण्यास कोणी पानें देत नाहीं. अखेरीस काका म्हणाले, 'बरें केलेंत, सांगायला आलांत.' मग नेहमींच्या आवाजांत: 'त्यांना म्हणावें, घसाऱ्याचा तक्ता आधीं मागा. बाकी सगळें पुन्हां करतां येतें.'

हें त्यांचें म्हणणें आम्हांस पुढें उमगलें. छापखान्यांतील यंत्रांची किंमत कायदा एकेकट्यानें धरीत नाहीं. समान दराच्या यंत्रांचा एक गट धरतो, आणि त्या गटाच्या उरलेल्या किमतीवर दरवर्षीं १५ टक्के घसारा लावतो. एक लाखाचें यंत्र पहिल्या वर्षानंतर ८५,००० चें, दुसऱ्यानंतर ७२,२५० चें. या रीतीनें वीस वर्षांनंतरही वहींत सुमारें ३,८७६ रुपये शिल्लक राहतात. तें शून्य असें कधींच होत नाहीं. म्हणजे आजचा आंकडा कालच्या आंकड्यावर उभा, कालचा परवाच्यावर, आणि ती साखळी वडिलांनीं घेतलेल्या पहिल्या यंत्रापर्यंत मागें जाते. मधली एक कडी हरवली, तर नवा हिशेबनीस कितीही हुशार असला तरी त्याला ती तर्कानें जोडतां येत नाहीं. बिलें दुकानदाराकडून पुन्हां मिळतील, बँकेचे उतारे बँक देईल. पण ही साखळी ज्याच्याजवळ आहे त्याच्याजवळच असते. नव्या हिशेबनीस बाईंनीं मागितलेल्या यादींत तीन वर्षांचे ताळेबंद होते, येणेंदेणेंकऱ्यांच्या याद्या होत्या, कागदाच्या रिमांची आणि शाईची ३१ मार्चची मोजदाद होती, कराचीं चलनें होतीं. पण सर्वांच्या वर त्यांनींही हा तक्ताच लिहिला होता. दोघांची ओळख नसतां दोघांनीं एकाच कागदावर बोट ठेवावें, हें पाहून आमचा नव्या बाईंवरचा विश्वास दुणावला.

सप्टेंबरांत तपासणीचा अहवाल मुदतींत गेला. त्याबरोबर काकांनीं बाईंच्या हवालीं एक शंभर पानी वही केली. मागितलेल्या यादींत ती नव्हती. तींत आमच्या छापखान्याच्या एकेका खात्यापुढें त्यांनीं आपल्या अक्षरांत टिपणें केलेलीं होतीं: अमुक अनामत रक्कम विजेच्या जुन्या जोडणीची, परत मिळेल तेव्हां मिळेल, अमुक शाळेचें येणें दर जूनमध्यें येतें, बुडीत धरूं नये, अमुक कामगाराची उचल त्याच्या आईच्या शस्त्रक्रियेची, पगारांतून कापतांना मालकाला विचारावें. या गोष्टी कोणत्याही ताळेबंदांत मावत नाहींत, आणि त्या ठाऊक नसल्या तर ताळेबंद नीट वाचतांही येत नाहीं.

फी चुकती करावयास बंधू गेले तेव्हां त्यांनीं २०२०-२१ ची रक्कमही पाकिटांत घातली होती. काकांनीं मोजून ती वेगळी काढली. 'या वर्षाचें बिल मीं केलेलें नाहीं. मग ही रक्कम मीं कोणत्या खात्यावर घ्यावी?' असें विचारून त्यांनीं ती परत केली. बंधूंपाशीं उत्तर नव्हतें, आमच्यापाशींही नाहीं. ती रक्कम आमच्याकडे देणें म्हणून राहिली आहे, आणि ती तशीच राहावी असें आतां आम्हां दोघांनाही वाटतें. दर दिवाळींत छापखान्याची पहिली दिनदर्शिका आणि फराळाचा डबा घेऊन बंधू काकांकडे जातात. त्यानें तें देणें फिटतें असें नाहीं. तें मान्य आहे एवढेंच त्यानें कळतें.

आमच्या संतपरंपरेंत हिशेबाच्या दोन कथा आहेत. देवगिरीस जनार्दनस्वामींच्या पदरीं असतांना एकनाथांनीं एका पैच्या चुकीसाठीं रात्र जागून काढली, आणि ती सांपडतांच आनंदानें टाळी वाजविली, अशी एक कथा. तुकारामांनीं घरचीं कर्जखतें काढून धाकट्या भावाचा अर्धा वांटा त्याला दिला आणि आपला वांटा इंद्रायणींत सोडला, ही दुसरी. लहानपणीं आम्हांला या दोन कथा परस्परविरुद्ध वाटत. एक पै न सोडणारा मोठा कीं सारें सोडणारा मोठा, असा वाद आम्ही घालीत असूं. आतां तसें वाटत नाहीं. तुकारामांनीं सोडलें तें स्वतःचें येणें. भावाच्या वांट्याला त्यांनीं हात लावला नाहीं. आणि नाथांनीं शोधली ती पै त्यांची स्वतःची नव्हती; दुसऱ्याच्या विश्वासानें त्यांच्याकडे आलेली होती. आपलें सोडावें आणि दुसऱ्याचें एका पैपर्यंत सांभाळावें, असा दोन्ही कथांचा मिळून एकच अर्थ आहे.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या नव्या कायद्याला दिलेली आहे. त्यांत 'मागील वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' हीं दोन नांवें जाऊन 'कर-वर्ष' हें एकच नांव आलें आहे. नांवें बदलतील, मुदती बदलतील, हिशेबनीसही बदलतील. वहींतला एक जुना नियम मात्र कोणत्याही कायद्यानें बदललेला नाहीं: ३१ मार्चच्या रात्रीं जी अखेरची शिल्लक, तीच १ एप्रिलच्या सकाळीं आरंभाची शिल्लक, तींत एका पैसाचाही फरक पडतां कामा नये. नव्या बाईंनीं आमची पहिली वही उघडली तेव्हां पहिल्या ओळींत काकांचा शेवटचा आंकडा जसाच्या तसा उतरवून घेतला, आणि मग पुढच्या कामाला लागल्या.